आकडा कशाचा आहे, ते आधी बघ

प्रिय,

प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं. ‘खटल्यांमुळे गाण्यांची फुकट देवाणघेवाण घटली का, यावर अभ्यासकांत एकमत नाही’ असं म्हणून तू ते संपवलंस. एवढ्या लवकर संपवू नकोस.

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, ८ सप्टेंबर २००३ला २६१ जणांवर खटले भरले. वर्षाअखेरीस प्यू या अमेरिकेतल्या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने फोनवरून विचारलं, गाणी डाउनलोड करता का? वसंतात इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी २९ टक्के हो म्हणाले होते, आता १४ टक्केच. पण लोकांवर खटले चालू असताना फोनवरच्या अनोळखी माणसाला खरं कोण सांगणार? घट खरीही असेल. त्यातली वागण्यातली किती आणि नुसती बोलण्यातली किती, हे या आकड्यातून कळत नाही. शिवाय खटले गाणी वाटणाऱ्यांवर होते आणि प्रश्न घेणाऱ्यांना विचारला होता. त्यात ऑक्टोबरमध्ये विंडोजवर आयट्यून्सचं दुकानही उघडलं.

आता २००४चा तो दुसरा अभ्यास घे. कॅलिफोर्नियातल्या केडा या इंटरनेटची वाहतूक मोजणाऱ्या केंद्राच्या संशोधकांनी माणसांना काही विचारलंच नाही, इंटरनेटच्या मुख्य वाहिनीवरची वाहतूक तपासली. फाइली वाटायची काझासारखी सॉफ्टवेअर आधी ठरलेल्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या ठरावीक क्रमांकाच्या दारातून चालत, नंतर ती पोर्ट बदलू लागली. नुसते जुने पोर्ट मोजले तर घट दिसते, डेटाच्या पाकिटांच्या आत डोकावलं तर दिसत नाही. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण मोजमापच कसं फसतं ते इथे उघड दिसतं. पण वाहतूक म्हणजे माणसं नव्हेत. मोजके लोक मोठ्या फाइली ओढू लागले तरी ती वाढतेच.

भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांचा २००६चा लेख तू तळटीपेत टाकलास, त्याला मजकुरात आण. त्यांनी दोन हजारांहून अधिक जणांच्या वाटपावर प्रत्यक्ष नजर ठेवली. भरपूर फाइली वाटणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हात आखडता घेतला, तरीही गाणी मिळायची ती मिळतच राहिली. म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

स्वीडनही जोड. तिथे एप्रिल २००९मध्ये कॉपीराइटचा कडक कायदा आला, इंटरनेटवरची वाहतूक घसरली, संगीताची विक्री वाढली, आणि सहा महिन्यांत परिणाम जवळपास ओसरला.

प्रत्येक अभ्यासापुढे काय मोजलं, कोणाचं मोजलं आणि किती काळ, असे तीन रकाने कर. ते भरून झाले की शेवटचा परिच्छेद नव्याने लिहून पाठव.