वाचकांचे प्रश्न : डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता?

प्रश्न : मराठा लाइट इन्फंट्रीतून मे २०२३ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. २०१४ साली ऑब्स्टॅकल कोर्स (अडथळे पार करण्याचा सराव) करताना पडून उजवा गुडघा गेला, लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची खालची श्रेणी) लागली. निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व धरलं, पण ‘सेवेमुळे नाही’ असा शेरा मारला, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन (अपंगत्वाची पेन्शन) नाकारली. अपिलाची सहा महिन्यांची मुदतही गेली. काही होईल का?
– माजी सैनिक, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : होईल. पण लगेच अपील लिहायला बसू नका, आधी कागद मागवा. ‘देशासाठी एवढी वर्षं दिली’ असं मनापासून लिहिलेलं चार पानी अपीलसुद्धा नामंजूर होतं, कारण नकाराच्या कारणाला त्यात उत्तरच नसतं.

बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीन गोष्टी मागा : मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही (फॉर्म एएफएमएसएफ-१६), २०१४ चा इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) आणि मिलिटरी हॉस्पिटलचे कागद. उत्तराची मुदत ३० दिवस.

बोर्डाचे कागद आले की आजाराचं नाव काय लिहिलंय ते आधी पाहा. गुडघ्याच्या बाबतीत खरी गोम इथेच असते. मार २०१४ चा, पण बोर्ड लिहितं ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ (सांध्याची झीज), आणि पुढे कारण, ‘वयोमानानुसार झीज, सुरुवात पीस स्टेशनला’ (म्हणजे लढाईच्या भागाबाहेर, शांत ठिकाणी नेमणूक असताना). पडल्याचा उल्लेखच गायब! तसं असेल तर अपिलाचा सगळा जोर एकाच गोष्टीवर ठेवा : ही झीज त्याच दुखापतीतून आली. सोबत कमांडिंग ऑफिसरच्या सहीचा इंज्युरी रिपोर्ट लावा. लिगामेंट किंवा गादी फाटलेल्या गुडघ्याचा सांधा लवकर झिजतो, असं अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मतही जोडा. रिपोर्ट हरवला असेल तर त्या काळातले पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या घडामोडी नोंदवणारे युनिटचे आदेश) आणि हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याच्या नोंदी मागा.

पीस स्टेशनच्या शेऱ्याने खचू नका. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत आला असं गृहीत धरायचं आणि तसं नसल्याचं कारण बोर्डाने द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. हा निकाल अपिलात नावासह लिहा. २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांना मात्र नवे नियम लागतात. तुम्ही त्याआधीचे आहात.

पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत सेना मुख्यालयाच्या अपील समितीकडे जातं. उशीर का झाला ते लिहून विलंबमाफी मागा. नकार आला तर सहा महिन्यांत दुसरं अपील. अपील दिल्यावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येतं. म्हणून स्पीड पोस्टची पावती जपा, सहा महिने तिच्यावरूनच मोजायचे आहेत. आणि आता आणखी थांबू नका : उशिरा दाद मागितली तर थकबाकी साधारण दाद मागितल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

एक मागणी हमखास राहून जाते. ५० च्या आतलं अपंगत्व ५० टक्के धरावं, हा राउंडिंगचा लाभ निवृत्त झालेल्यांनाही आहे (सर्वोच्च न्यायालयाचा राम अवतार निकाल, १० डिसेंबर २०१४). १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराचे ३० टक्के मिळतात. त्या हिशेबाने तुमचे ९ टक्के, राउंडिंगने १५. हे स्पष्ट लिहून मागा. अर्ज भरायला साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक मदत करतात.

प्रश्न : मुलगा रजेवर आला असताना शेतात ट्रॅक्टरवरून पडला, हात अधू झाला. सैन्याने डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा नाकारला. अपील करावं का?
– एक वडील, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : दादा, खरं सांगायचं तर यात यश येणं अवघड आहे. नुसतं रजेवर असणं पुरत नाही, दुखापतीचा सेवेशी संबंध दाखवावा लागतो आणि घरच्या शेतीकामाचा तो जुळत नाही. युनिटमधून घरी येताना किंवा परत जाताना वाटेत अपघात झाला असता तर ती ड्युटी धरली गेली असती. तेव्हा रजेचा दाखला आणि तिकीट लावून भांडता येतं. त्याची पंधरा वर्षं भरली असतील तर सर्व्हिस पेन्शनला यामुळे धक्का लागत नाही.