सर्व्हरचे नाव बदलल्यावर बॅकअप सॉफ्टवेअरला जुने बॅकअप का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एसक्यूएल सर्व्हर असलेल्या विंडोज मशीनचे नाव कंपनीच्या नव्या धोरणानुसार बदलले, आयपी पत्ता आणि डेटाबेस मात्र तेच ठेवले, आणि त्यानंतर नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरच्या रिस्टोअर (बॅकअप परत उतरवण्याच्या) पडद्यावर एकही जुना बॅकअप दिसेनासा झाला. ते बॅकअप नष्ट झाले का, असे तुम्ही विचारले आहे. ते नष्ट झालेले नाहीत. तुम्ही नव्या नावाने विचारता आहात आणि ते जुन्या नावाखाली जमा आहेत, इतकेच.

नेटबॅकअपचा प्रायमरी सर्व्हर (जुन्या आवृत्त्यांत मास्टर सर्व्हर) प्रत्येक बॅकअपची नोंद क्लायंटच्या, म्हणजे ज्याचा बॅकअप घेतला त्या मशीनच्या, नावाखाली ठेवतो. त्याच्या इमेजेस या फोल्डरात डोकावलात तर दर क्लायंटमागे एक उपफोल्डर दिसेल. आयपी पत्त्याचा उपयोग त्या मशीनपर्यंत पोहोचण्यापुरताच असतो. बॅकअप कोणाचा, हे नावावरूनच ठरते. त्यामुळे ‘आयपी तर तोच आहे’ हा युक्तिवाद इथे निरुपयोगी ठरतो. एसक्यूएल सर्व्हरच्या बॅकअपमध्ये तर नाव आणखी खोलवर गेलेले असते, कारण प्रत्येक इमेजच्या (साठवलेल्या एका बॅकअपच्या) लांबलचक नावात सुरुवातीलाच होस्टचे म्हणजे मशीनचे नाव येते, मग ‘एमएसएसक्यूएल७’ ही खूण, मग इन्स्टन्स (त्या मशीनवर चालणारी एसक्यूएल सर्व्हरची विशिष्ट प्रत), मग ‘डीबी’, मग डेटाबेसचे नाव आणि शेवटाकडे तारीख व वेळ. मशीनचे नाव बदलल्याने ही जुनी नावे बदलत नाहीत, आणि बदलूही नयेत.

मात्र ‘सर्व्हरचे नाव’ म्हणजे नेमके कोणते, याचे उत्तर एकच नसते, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. विंडोजचे नेटबायोस नाव (स्थानिक नेटवर्कवरचे आखूड नाव) १५ अक्षरांपुरते मर्यादित असते, तर डीएनएसमधले (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतले) नाव त्याहून लांब असू शकते. तुमच्या नव्या धोरणातली नावे लांब असतील तर ही दोन नावे आपोआपच वेगळी पडतील. एसक्यूएल सर्व्हर स्वतःकडे तिसरी नोंद ठेवतो: @@सर्व्हरनेम हे त्याच्या सिस.सर्व्हर्स या अंतर्गत यादीत साठवलेले नाव देते आणि मशीनचे नाव बदलले तरी जुनेच सांगत राहते, तर सर्व्हरप्रॉपर्टी फंक्शनला ‘सर्व्हरनेम’ विचारले की नवे नाव मिळते. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहा. ती जुळत नसतील तर एसपी_ड्रॉपसर्व्हरने जुने नाव काढावे, एसपी_ॲडसर्व्हरने नवे नाव ‘लोकल’ म्हणून नोंदवावे आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी (एक मशीन बंद पडले की दुसरे काम हाती घेते अशा फेलओव्हर क्लस्टरवर हा उपाय करू नये, तिथले आभासी नाव क्लस्टरमधूनच बदलावे लागते). एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या अंतर्गत डेटाबेसमधल्या बॅकअपसेट तक्त्यात जुन्या ओळींवर जुनेच सर्व्हरनाव राहील. ते तसेच असू द्या, कारण कोणता बॅकअप कोणत्या नावाखाली शोधायचा हे तिथूनच कळते.

चौथे नाव नेटवर्ककडून येते. क्लायंटने संपर्क साधला की प्रायमरी सर्व्हर आलेल्या पत्त्यावरून उलट शोध घेऊन नाव काढतो आणि ते आपल्याकडच्या नोंदींशी ताडून पाहतो. पॉलिसीत (कोणाचा बॅकअप कधी घ्यायचा हे ठरवणाऱ्या नेटबॅकअपच्या नोंदीत) आखूड नाव आणि उलट शोधातून डोमेनसह पूर्ण नाव, अशी विसंगती असली की स्टेटस (त्रुटी-क्रमांक) १३१ किंवा १३५ पदरात पडतो. नावच सापडले नाही तर ४८. क्लायंटवर बीपीक्लंटसीएमडी ही आज्ञा ‘-पीएन’ सह चालवली की प्रायमरी सर्व्हर त्या मशीनला कोणत्या नावाने ओळखतो ते दिसते. माझ्या मते इतर काहीही बदलण्याआधी ही आज्ञा चालवावी, कारण अंदाजाने होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरच्या नावे-पत्त्यांच्या यादीत) ओळी वाढवत गेले की मूळ दोष झाकला जातो.

आता जुना बॅकअप परत मिळवण्याविषयी. प्रायमरी सर्व्हरवर ऑल्टनेम्स फोल्डरात (कोणत्या क्लायंटला दुसऱ्या कोणाचे बॅकअप उतरवता येतील हे तिथे ठरते) नव्या क्लायंटच्या नावाची फाइल करून तिच्यात जुने नाव लिहावे. फाइलचे नाव उलट शोधातून येणाऱ्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. मग एसक्यूएलच्या रिस्टोअर स्क्रिप्टमध्ये ‘एसक्यूएलहोस्ट’ला नवे नाव, ‘ब्राउझक्लायंट’ला जुने नाव आणि ‘एनबीइमेज’ला ते लांबलचक इमेजनाव जसेच्या तसे द्यावे. त्याच फोल्डरात ‘नो.रिस्ट्रिक्शन्स’ नावाची रिकामी फाइल टाकण्याचा सल्ला अनेकजण देतात. त्यानेही काम होते, पण मग कोणताही क्लायंट कोणाचाही बॅकअप स्वतःकडे उतरवू शकतो, म्हणून पगाराचे किंवा ग्राहकांचे डेटाबेस असलेल्या ठिकाणी मी ते करणार नाही. नेटबॅकअपची आवृत्ती ८.१ किंवा पुढची असेल तर होस्ट आयडी (मशीनला दिलेला ओळखक्रमांक) आणि प्रमाणपत्र यांचीही व्यवस्था लागते. नवे नाव जुन्याच होस्ट आयडीशी जोडण्यासाठी प्रशासकाची मंजुरी प्रलंबित आहे का, ते तपासा.

ओरॅकलमध्ये हा त्रास नाही, असे कोणी सांगेल. आरमॅन हे ओरॅकलचे बॅकअप साधन डेटाबेसला डीबीआयडी या क्रमांकाने ओळखते, पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतही क्लस्टर (तिथे याचा अर्थ डेटाबेसचा संच) तयार होतानाच एक सिस्टिम आयडेंटिफायर ठरतो, हे खरे. पण आरमॅनचे बॅकअप नेटबॅकअपमार्फत टेपवर जात असतील तर मधल्या थराला क्लायंटचे नाव लागतेच, आणि ते ‘एनबी_ओरा_क्लायंट’ या मापदंडातून देता येते; म्हणजे डेटाबेसने नाव टाळले तरी साठवण करणारा थर ते विचारतोच.

पुढच्या वेळी सोपे जावे म्हणून डीएनएसमध्ये कामावरून ठरवलेले टोपणनाव द्यावे असे वाटेल. ते उपयोगी आहे, पण उलट शोध टोपणनाव परत देत नाही, मूळ नावच देतो, हे गृहीत धरून पॉलिसी लिहावी.

तूर्तास नवे नाव पॉलिसीत घालून आधी एक पूर्ण बॅकअप घ्या, म्हणजे पुढचे डिफरन्शियल (पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचे) आणि लॉग (व्यवहारनोंदींचे) बॅकअप त्याच नावाखाली सलग राहतील. जुन्या नावाखालच्या शेवटच्या इमेजची मुदत संपेपर्यंत ऑल्टनेम्समधली ती फाइल काढू नका.