चलान बाकी आहे म्हणून आरटीओ लायसनचं नूतनीकरण नाकारू शकतं का? मला काउंटरवरून परत पाठवलंय, आणि दोन चलानं तर माझी नाहीतच.

हो, काम अडू शकतं. पण तुम्हाला काउंटरवरून "आधी चलानं मिटवा, मग या" एवढं तोंडी सांगून परत पाठवलंय, तेवढ्यावर गप्प बसू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७ प्रमाणे नूतनीकरण नाकारायचं तर कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. तोंडी नकाराविरुद्ध अपील कसं करणार? म्हणून साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा. सारथी पोर्टलवरचा (लायसनचे अर्ज भरायची सरकारी वेबसाइट) अर्ज क्रमांक टाका आणि काम कोणत्या कारणाने थांबवलं ते लेखी कळवा, एवढंच मागा. आवक विभागात (आरटीओत आलेले कागद घेतात तिथे) द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

नेमकं कुठे अडलंय तेही शोधा. कॅमेऱ्याचं ई-चलान गाडीच्या नंबरवर पडतं, म्हणजे चालवणारा कुणीही असो, आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) ज्याचं नाव त्याच्या माथी. पोलिसाने रस्त्यात थांबवून केलेल्या चलानात मात्र तुमचा लायसन नंबर असू शकतो. याहून गंभीर म्हणजे जप्ती. दारू पिऊन चालवणं, अतिवेग, अगदी हेल्मेट नसणं, यातही पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. मग कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवता येतं, पण त्याआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. अशी नोटीस आली असेल तर हजर राहाच. दारूची केस पैसे भरून मिटत नाही, ती कोर्टातच संपते.

तुम्ही लिहिलंय की दोन चलानं तुमची नाहीतच. ती घाईने भरू नका, भरलं की मान्य केल्यासारखं होतं. महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान अ‍ॅपवर फोटो उघडून नंबर प्लेट आणि गाडीचा रंग नीट बघा आणि तिथेच तक्रार टाका. बोरिवलीत आमच्या शेजारी टेम्पो चालवणारे एक काका आहेत. त्यांनी विकलेली स्कूटर घेणाऱ्याने नावावर करून घेतलीच नव्हती, सगळी चलानं काकांच्या नावावर. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने हे सोसायचं म्हणजे अन्याय आहे, मला आजही राग येतो. गाडी विकली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ही गोष्ट विकणाऱ्याला कुणी सांगतच नाही.

जी चलानं खरोखर तुमची आहेत ती भरून टाका आणि पावत्या जपून ठेवा. लोकअदालतीची नोटीस आली असेल तर तिथे जा. "सिस्टीममधून काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

मुदत संपल्यावर नूतनीकरणाला एक वर्ष मिळतं, त्यानंतर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. पण ते वर्ष गाडी चालवायची परवानगी नव्हे. मुदत संपलेल्या लायसनवर पकडलं तर दंड ५,००० रुपये, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तोवर लोकलने जा, कृपा करून.