पोटापाण्याचे प्रश्न समोर असताना लोक नाटक, खेळ, जत्रा यांत एवढे का रमतात?

तुम्ही विचारलंय की हातावर पोट असलेली माणसंसुद्धा नाटकं, सामने, जत्रा यांच्यामागे रात्री का जाळतात, आणि ‘विरंगुळा’ यापलीकडे याला काही उत्तर आहे का. विरंगुळा हे उत्तर मला तरी पटत नाही. विरंगुळ्यासाठी कुणी मार्गशीर्षाच्या थंडीत कांबळं पांघरून रात्री अकरापासून पहाटेपर्यंत जमिनीवर बसत नाही, तेही सकाळी कामावर जायचं असताना. मी कुडाळ तालुक्यातला, दशावतार बघत वाढलेला. त्यामुळे तिथलंच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडणे भागात कार्तिक लागला की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक ठरलेलं. पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता होते, म्हणून मालवणीत सगळे धयकालोच म्हणतात. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि काळ्या वेशातला संकासूर, जो थेट मालवणीत बोलतो आणि समोर बसलेल्या कुणाचीही फिरकी घेतो. मग मुख्य आख्यान. रंगमंचावर सामान काय, तर एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, राणी आडवी झाली की पलंग. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. बायकांची कामं परंपरेने पुरुषच करतात, अलीकडे बायकांनी केलेले दशावतारही बघायला मिळतात.

यातली खरी गोम अशी की संहिता नसते. लिहिलेला एक संवाद नसतो. माझा एक चुलतभाऊ दशावतारी नाटक कंपनीत स्त्री-पार्ट करतो, म्हणून रंगपटात डोकवायला मिळतं. रंगपट म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत लावलेला पडदा आणि पेटाऱ्यांवर टेकवलेले आरसे. प्रत्येकजण आपापलं तोंड रंगवत असतो, आणि तेवढ्यात कोणतं आख्यान, कोण कुणानंतर, युद्ध कुठे, नारद कधी, एवढं सांगून होतं. भुवई कोरता कोरता भाऊ फक्त हुंकार देतो. बस्स, तालीम संपली. पुढचे चार-पाच तास सगळं तिथल्या तिथे जुळवायचं.

त्यामुळे आमच्याकडची माणसं नाटक बघतात ते सामना बघावा तसं. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. राक्षस मरणार, पतिव्रता जिंकणार, यात कुणाला शंका नाही. पण आजचा राक्षस काय विचारील आणि आजची राणी त्यातून कशी सुटेल, हे खुद्द राणीलाही माहीत नसतं.

एका जत्रेतलं सांगतो. राक्षसराज राणीला म्हणाला, ‘तुझा देव चराचरात आहे ना? मग माझ्यातही आहे. म्हणजे माझी आज्ञा ही त्याचीच आज्ञा. वाकव मान!’ पेच चांगलाच होता. राणी गप्प. मृदंगवाल्याने ओळखलं आणि हलक्या हाताने थाप सुरू केली, जणू ती शांतता ठरवूनच ठेवली होती. राणीने पदर सावरला, बाकड्याला एक फेरी घातली. माझ्या शेजारचे आजोबा कांबळ्यातून मान काढून म्हणाले, ‘आता ह्यो कसो सुटता तां बघया.’ मग राणी म्हणाली, ‘महाराज, पाणी विहिरीतही असतं आणि डबक्यातही असतं. नैवेद्य कुठल्या पाण्यात शिजवायचा, हे बाईमाणसाला शिकवू नका.’ मंडपात जो गलका झाला, तो मी कबड्डीत शेवटच्या गड्याने बोनस आणि दोन गडी मिळवल्यावरच ऐकलाय. आणि गंमत म्हणजे खुद्द राक्षसाच्या चेहऱ्यावरही क्षणभर समाधान दिसलं. सवाल चांगला असेल तरच जबाब रंगतो, हे त्याला ठाऊक होतं.

इथे मैदानी खेळ आणि नाटक यांच्यात एक फरक पडतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कबड्डीत समोरच्याला बाद केलं की काम झालं. धयकाल्यात समोरचा अडकून पडला तर नाटकच पडतं. म्हणून कसलेला नट पेच टाकतो, पण जोडीदार खरंच गोत्यात आला तर पुढच्याच वाक्यात त्याला धागाही देतो. नवशिक्या पोराला म्हातारा राजपार्टवाला असं भर मंडपात सांभाळून घेतो, तेही राजाचा रुबाब जराही न सोडता. हे बघायला मला युद्धापेक्षा जास्त आवडतं.

रत्नागिरीकडे हीच चुरस जाखडी नाचात, शक्ती आणि तुरा या दोन शाहिरी पक्षांच्या बाऱ्यांत, म्हणजे सामन्यांत दिसते. एक शाहीर कोडं घालतो, दुसऱ्याने गाण्यातून सोडवायचं. मुंबईत कापडगिरण्यांत राबणारे चाकरमानी हे सगळं सोबत घेऊन गेले. परळचं १९२२ सालचं दामोदर नाट्यगृह कित्येक वर्षं अशाच प्रयोगांनी गजबजलेलं असायचं. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं तिकीट काढून शक्ती-तुरा बघायला जायची. ‘आधी पोट, मग बाकीचं’ असा हिशेब त्यांनी केला असता तर ते झोपले असते.

मग मिळतं काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली म्हणजे इज्जत, आणि ती वेगळ्या मापाने मोजलेली. आमच्याकडे दशावताऱ्यांबद्दल म्हणच आहे, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. पूर्वी नाटक संपलं की हीच मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची. आता टेम्पो आले, पण पावसाळ्यात तोच राजा गुडघाभर चिखलात भाताची लावणी करतो, कुणी गवंडीकाम करतो. शाळा फार न शिकलेला माणूस पुराणातला दाखला देऊन वकिलासारखा युक्तिवाद करतो आणि पुढे बसलेले खरे वकील माना डोलावतात. नेरूरचे दशावतारी नट सुधीर कलिंगण यांना लोक ‘लोकराजा’ म्हणायचे ते काही सरकारी पदवी मिळाली म्हणून नव्हे. गावात जमीन, जात, पैसा यांची उतरंड असतेच, आणि जत्रेतही मानकऱ्यांचा क्रम चुकत नाही. पण रात्री दोन वाजता बाकड्यावर उभा असलेला माणूस हजरजबाबी आहे की नाही, एवढंच बघतात.

दुसरी गोष्ट बघणाऱ्यांची. त्यांना पारख करायला मिळते. एरवी ज्यांचं मत कुणी विचारत नाही अशा म्हाताऱ्या बायकासुद्धा दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ‘राजा बरो, पण प्रधान नुसतो बडबडलो’ असा निकाल देतात आणि तो निकाल कंपनीपर्यंत पोचतो. पुढच्या वर्षी तो प्रधान सुधारून येतो किंवा त्याला दुसरं काम मिळतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे गाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ लावतात, तेव्हा तर कोण कुणाला भारी पडणार यावर आठ दिवस आधीपासून चहाच्या टपरीवर वाद रंगतात.

भाताच्या कापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात, त्यांचंही थोडंफार असंच. त्यावर जास्त लिहीत नाही, क्रिकेटवर लिहिणारे खूप आहेत.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. जत्रेत देवळापासून थोड्या अंतरावर जुगाराचे पटही मांडलेले असतात, तोही खेळच आहे आणि त्यात संसार उठलेले मी बघितलेत. नाटकातही आता ट्रिकसीनचा सोस वाढलाय. धूर सोडायचा, दिवे लुकलुकवायचे, की संवादाची गरज उरत नाही. मोबाइलने आणखी एक पंचाईत केलीय: एका गावात सुचलेला जबाब दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर असतो. पूर्वी चांगला पेच नट दहा गावांत वापरायचा. आता तिसऱ्या गावातली पोरं त्याच्या आधी वाक्य पुरं करतात. भाऊ यावर वैतागतो. मला वाटतं यात नटाचं नुकसान असलं तरी खेळाचा फायदाच आहे, कारण आता रोज नवं सुचावंच लागतं. यावरून आमचं भांडण चालू असतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास या. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊली देवीची लोटांगणाची जत्रा त्याच दिवसांत असते, पण तिथे तुफान गर्दी होते. नाटक नीट ऐकायचं असेल तर एखाद्या लहान गावाची जत्रा गाठा, पायपेटीच्या जवळ जागा धरा आणि संकासूर गेला की उठू नका, खरी रंगत मध्यरात्रीनंतर येते. आख्यान कोणतं आहे ते संध्याकाळीच कुणाला तरी विचारून गोष्ट समजून घ्या. ती माहीत नसेल तर कोण कुठे अडकलं आणि कसं सुटलं, हे कळायचंच नाही. आणि हो, कांबळं विसरू नका.