आधी नाव काढ

अगं, तुमच्या "वस्तीची गाडी" फिल्मच्या पोस्टरच्या चारही फाइल्स पाहिल्या. आधी फोनवर, मग लॅपटॉपवर मोठ्या करून. "यातलं कुठलं फायनल करू, सगळे वेगवेगळं सांगतायत, डोकं चालेनासं झालंय" असं तू लिहिलंयस आणि ते वाचून मला खरंच कसंतरी झालं, कारण प्रश्न तुझा नाहीच आहे. दिग्दर्शकाला चेहरे हवेत, कॅमेरावाल्याला त्याची ती पहाटेची फ्रेम हवी, सरांना "इंटरनॅशनल लुक" हवाय, आणि तू सगळ्यांचं मन राखायला चार पोस्टरं करून बसलीस. यातलं एकही नको.

मेहनत दिसतेय, त्यावर वेगळं बोलत नाही. पण चारही फाइल्समध्ये एक गोष्ट अगदी सारखी आहे बघ, नाव सगळ्यात शेवटी आलंय. आधी फोटो लावलास, मग रंग केलास, धुकं टाकलंस, आणि मग जिथे जागा उरली तिथे "वस्तीची गाडी" टाइप करून मोकळी झालीस. हे उलटं कर. आधी नाव काढ. टाइप करू नकोस, काढ. पेन्सिलने किंवा बोरूने किंवा चपट्या ब्रशने, कागदावर, चित्र काय असेल याचा विचारसुद्धा मनात न आणता.

का म्हणते ते सांगते. तुमचं पोस्टर बहुतेक लोक कुठे बघणार आहेत? कॉलेजच्या बोर्डावर एक ए-थ्री लागेल, ऑडिटोरियमच्या दाराशी एक लागेल, बस. बाकी सगळं फोनवर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, फेस्टिवलच्या यादीत अंगठ्याच्या नखाएवढं. तेवढ्या आकारात तुझं ते धुकं, तो कंडक्टरच्या डोळ्यातला भाव, मागचं पिंपळाचं झाड, काही म्हणजे काही राहत नाही. नाव राहतं, आणि नावाला चेहरा असला तरच ते लक्षात राहतं. तू स्वतःच करून बघ, चारही फाइल्स दोन सेंटीमीटर रुंदीच्या कर आणि आईला दाखव.

आणि नाव तरी कसलं मिळालंय तुम्हाला! मुक्कामाला येणारी शेवटची एसटी, रात्री गावातच थांबणारी, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपणारे, पहाटे त्याच गाडीने दूधवाले आणि कॉलेजची पोरं तालुक्याला जाणार, हे सगळं ज्याने पाहिलंय त्याला नुसतं नाव वाचूनच अर्धी फिल्म दिसते. आता त्या नावाची अक्षरं बघ जरा नीट. ती, ची, डी, तीन दुसऱ्या वेलांट्या आहेत. उभ्या दांड्यांची रांगच आहे, त चं झालं की वेलांटीची दांडी, च चं झालं की पुन्हा वेलांटीची, ग ला स्वतःची एक आणि वर काना, आणि या सगळ्या सरळ उभ्या मंडळींमध्ये एकटा ड असा आहे की ज्याला खालपर्यंत येणारी दांडी नाही, तो शिरोरेषेला लटकलाय. हे तुला फुकट मिळालंय गं! तीन वेलांट्या एकाच उंचीच्या करायच्या की शेवटची मोठी काढून सगळ्या नावावर घ्यायची, ड ला किती लोंबू द्यायचं, स्त चं जोडाक्षर घट्ट ठेवायचं की मोकळं, हे ठरवण्यात तुझं अर्धं पोस्टर आहे. दोन ओळीत लिहिलंस तर "गाडी"ची वेलांटी वरच्या ओळीच्या पायात घुसते, तिथे नुसतं अंतर वाढवून पळ काढू नकोस, ती वेलांटी वरच्या दोन दांड्यांच्या मधल्या फटीत बसते का ते बघ. फॉन्ट हे तुझ्यासाठी करणार नाही, त्याला प्रत्येक शब्दात तेच अक्षर तसंच द्यायचं असतं.

एक मात्र करू नकोस, शिरोरेषेचा रस्ता करून त्यावर छोटी बस चालवू नकोस. तुझ्या दुसऱ्या फाइलमध्ये तो मोह दिसतोय. अक्षराला अक्षरच राहू दे.

तू म्हणशील मला कॅलिग्राफी येत नाही. मी सुंदर अक्षर मागतच नाहीये. एसटी डेपोत जा. जुन्या गाड्यांच्या पुढे लावायच्या पत्र्याच्या पाट्या असतात ना, हाताने रंगवलेल्या, गावाचं नाव मोठं आणि खाली बारीक "मार्गे" अमुक, त्या बघ. आता बऱ्याच गाड्यांवर दिव्यांची पाटी आली पण डेपोत कोपऱ्यात जुन्या पाट्या सापडतातच, आधी विचारून मग फोटो काढ. ज्या पेंटरने त्या रंगवल्यात त्याच्यापुढे अडचण एकच होती, पत्रा तेवढाच आणि गावाचं नाव कधी दोन अक्षरी कधी आठ अक्षरी, आणि फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हातारीला ते वाचता आलं पाहिजे. त्या अडचणीतून ती अक्षरं जन्मली. कुठे दाबलीत, कुठे पसरलीत, वेलांटी कुठे आखडती घेतलीय ते वहीत उतरवून घे. तुमची फिल्मच त्या गाडीची आहे, मग नावाचं वळण त्या गाडीकडूनच यायला हवं, कुठल्यातरी वेबसाइटवरून डाउनलोड करून कसं येईल?

आमच्या तालुक्याच्या गावी असे एक पेंटर होते, दुकानांच्या पाट्या, भिंती, ट्रकचे मागचे भाग, सगळं करायचे. आधी खडूने फक्त शिरोरेषा मारायचे आणि मग थेट ब्रश, खाली मोजमाप काही नाही, तरी शेवटचं अक्षर बरोबर कडेला येऊन थांबायचं. मी जेजेला अप्लाइड आर्टला होते तेव्हापासून मनात होतं की एकदा सुट्टीत त्यांच्याकडे बसून शिकायचं. मग फ्लेक्स आला, पाहता पाहता त्यांचं काम बंद झालं आणि ते मुलाकडे राहायला गेले. ते शिकायचं राहिलं ते राहिलंच. मला वर्गात शिकवलेलं पुष्कळ आठवतं, पण त्यांचं ते अंदाज बांधणं मला कधीच आलं नाही, अजून खुपतं. म्हणून तुला डेपोत पाठवतेय.

आणि हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. कमल शेडगे यांचं काम शोधून बघ. मराठी नाटकांच्या जाहिराती पेपरात यायच्या, इवल्याशा चौकटी, काळ्या-पांढऱ्या, फोटोला जागाच नाही, तिथे त्यांनी नावं अशी काढली की लोक अक्षराच्या वळणावरून नाटक ओळखायचे. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांनी काढलेली शीर्षकं आजही कुठे दिसली तर पाय थांबतो. सत्यजित राय डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत होते १९४३ पासून, पुढे सिनेमे करायला लागल्यावर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं आणि त्यावरची बंगाली अक्षरं स्वतःच काढायचे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नावातच पेंटर, आपल्याकडचं आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं सिनेमाचं पोस्टर म्हणून १९२४ च्या त्यांच्या "कल्याण खजिना"चं नाव घेतात. हे सगळे हातात ब्रश धरणारे लोक होते, आणि तुझ्याकडे पेन्सिल नाही असं तर होणार नाही.

आता फॉन्टबद्दल. मुक्ता, बालू हे चांगले फॉन्ट आहेत, "एक टाइप" नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी जीव ओतून केलेत आणि फुकट दिलेत. श्रेयनामावलीसाठी मुक्ता खुशाल वापर. पण नावासाठी नाही. आणि हो, तिसऱ्या फाइलमध्ये "दिग्दर्शन"ची पहिली वेलांटी द च्या नंतर येऊन पडलीय! हे छापायला गेलं असतं तर? फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगला जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवड, मग मात्रा आणि जोडाक्षरं जागेवर येतात. "छायालेखन"मधला ल हिंदी वळणाचा आलाय तोही बदल, काही फॉन्टमध्ये मराठी ल आणि श आत दिलेले असतात, ग्लिफ्सच्या, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणाऱ्या, पॅनलमधून निवडायचे. नाहीतर तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घे, त्यात मुळातच आपलं वळण आहे. मराठी फिल्म करून मराठी ल लावायला कंटाळा करायचा हे मला चालत नाही, कुणालाच चालू नये.

चित्राकडे येऊ. कॅमेरावाल्याच्या फ्रेमचा हट्ट मला समजतो, फ्रेम सुंदर आहे. पण ती आहे १९२० बाय १०८० पिक्सेल, आडवी. ए-थ्री म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरलं तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. उभं कापून १०८० चं ४९६१ करायचं म्हणजे साडेचार पटीहून जास्त ताणणं. शिवाय सेकंदाला पंचवीस फ्रेमवर शूट केलंत तर शटर साधारण एक पन्नासांश सेकंदाचं असणार, हलणारं माणूस त्यात थोडं फिसकटलेलंच येतं, पडद्यावर ते छान वाटतं पण थांबवून छापलं की मऊ पडतं. म्हणून शूटिंगच्या वेळी कुणीतरी वेगळा स्टिल कॅमेरा घेऊन उभं राहायला हवं असतं, पुढच्या फिल्मला हे पहिल्या दिवसापासून कर. आत्ता काय, तर कंडक्टरची ती कातडी बॅग आणि तिकीट पंच करायचा चिमटा तुमच्याकडे प्रॉपर्टीत आहे म्हणालीस ना, खिडकीच्या उजेडात ठेवून चांगला फोटो काढ. किंवा काहीच नको. तांबडा सपाट रंग आणि नाव. मला तर तेच पुरेसं वाटतं.

चौथ्या फाइलमधली एआयने केलेली बस मात्र आजच्या आज काढ. ती एसटी नाही, खिडक्या चुकीच्या, पुढच्या पाटीवर कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरं. ज्या गाडीवर फिल्म आहे ती गाडी डेपोत उभी आहे.

खालची ती बारीक उंच अक्षरांची श्रेयपट्टी तुम्ही हॉलिवूडवरून उचललीय. तिथे करारात लिहिलेलं असतं की नावांची उंची शीर्षकाच्या अमुक टक्के हवी, म्हणून उंची राखून रुंदी दाबतात. तुमचा असा करार कुणाशीच नाही. सहा नावं आहेत, वाचता येतील अशी लिही. लॉरेलची पानं, ती फेस्टिवलला निवड झाल्याची खूण, सिलेक्शन झाल्यावर लाव. इंग्रजी नाव खाली लहान, एका ओळीत, आणि देवनागरीशी स्पर्धा करणार नाही एवढंच.

चेहऱ्यांचं दिग्दर्शकाला काय सांगायचं हा तुझा खरा प्रश्न आहे हे मला कळतंय. भांडू नकोस. नाव काढ आणि भिंतीला लाव, त्याच्याशी बोलताना ते समोर असू दे. माझं तर यावरून कायम वाजलंय. एका निर्मात्याने मी काढलेलं फिल्मचं नाव हटवून तिथे ऐनवेळी फॉन्ट टाकला, का तर "वाचायला सोपं", आणि मी माझं नाव श्रेयनामावलीतून काढायला लावलं. नंतर त्यांच्याकडून काम आलं नाही, त्यांच्या ओळखीच्यांकडूनही नाही. लोक म्हणाले एवढ्याशा गोष्टीसाठी ताणलंस. एवढीशी? ती फिल्म कुणाला आठवायची झाली तर आधी काय आठवणार? मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच करीन. तुला तसं वागायला सांगत नाहीये, तुला अजून या मुलांबरोबर चार फिल्म करायच्यात. पण बाकी सगळ्यावर तडजोड कर, चेहरा घाल हवा तर एक, रंग त्याच्या आवडीचा घे, नाव मात्र हाताने काढलेलंच राहील असं आधीच सांगून टाक.

आता कामाचं बोलते. उद्या डेपो. मग दोन दिवस फक्त कागद, कॉम्प्युटर उघडायचा नाही. ठरलं की मोठ्या कागदावर काळ्या शाईने काढ, स्कॅन ६०० डीपीआयला कर, इलस्ट्रेटरमध्ये ट्रेस करताना कडा फार गुळगुळीत करू नकोस. छपाईच्या फाइलला चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी जास्तीची कड, सोड, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, कर, आणि तांबडा स्क्रीनवर दिसतो तसा येत नाही म्हणून एक प्रूफ, म्हणजे नमुन्याची प्रत, काढून घे, पैसे वाचवायला ते टाळू नकोस. शुक्रवारपर्यंत मला कागदाचे फोटो पाठव, खोडलेले, फसलेले सगळे. फाइल पाठवलीस तर उघडणार नाही. संध्याकाळी सातनंतर फोन कर, मी घरीच असते.