छातीत दुखत नाही, म्हणून हृदय ठीक?

प्रश्न : माझे यजमान ५६ वर्षांचे आहेत. बारा वर्षं शुगरच्या गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी शुगर १३०-१४० येते, पण या वेळी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.४ आलं. महिन्याभरापासून जिना चढताना त्यांना धाप लागते, घाम सुटतो. छातीत दुखत नाही, म्हणून गॅस समजून सोडा पितात. ईसीजी नॉर्मल आहे. काळजी करायची का? – एक वाचक, कराड

उत्तर : हो ताई, करायची. याच आठवड्यात त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. 'गॅस' म्हणून अंगावर काढलेलं दुखणं किती महागात पडतं, ते मी ओपीडीत सतत बघतो, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की नसा बोथट होतात. पायाला चप्पल चावलेली कळत नाही, तसं हृदयाला रक्त कमी पडतंय हेही कळेनासं होतं. छातीत कळ येतच नाही. येतो तो दम, घाम, मळमळ, नाहीतर जबड्यात किंवा खांद्यात जडपणा. ईसीजी झोपवून काढतात, त्रास होतो जिन्यावर. त्यामुळे त्या नॉर्मल कागदावर विसंबू नका. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गरजेप्रमाणे स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) लागेल. मात्र बसल्या जागी दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. त्यांना गाडी चालवू देऊ नका.

आता ८.४ चं. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत शुगर सरासरी १९० च्या पुढे होती. सकाळचा आकडा त्यामानाने कमी दिसतो, म्हणजे ती जेवणानंतर चढत असणार. जेवल्यावर दोन तासांनी तपासा आणि आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. घाबरून गोळ्या मात्र मनाने वाढवू नका. २००८ मध्ये अमेरिकेतल्या 'अ‍ॅकॉर्ड' अभ्यासात शुगर फार कडक उतरवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि तो भाग थांबवावा लागला.

शिवाय नुसत्या शुगरवर हृदय सांभाळलं जात नाही. रक्तदाब बहुतेकांचा १३०/८० च्या खाली हवा, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निदान ७० च्या खाली. कोलेस्टेरॉलची गोळी 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून बंद करणारे खूप भेटतात. रिपोर्ट त्या गोळीमुळेच चांगला आलेला असतो. तंबाखू, मिश्री असेल तर आजच सुटायला हवी.

आणि तपासणीला तुम्ही सोबत जा. धाप लागते हे ते स्वतः डॉक्टरांना सांगणार नाहीत.