सवलतीच्या दालनात मोटारसायकल ठेवताना

मोटारसायकल विक्रेते म्हणून सोलापुरातल्या सवलतीच्या दरात किराणा विकणाऱ्या मोठ्या दालनात, तेल-साखरेच्या रांगेशेजारी, मोटारसायकल मांडण्याचा आपला विचार योग्य आहे. मात्र गाडी तिथे दिसेल, विक्री आपल्या शोरूममध्येच पूर्ण होईल, असे धरून चाला. नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, २०१८ पासून सक्तीचा झालेला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा आणि एमएच १३ ची नोंदणी हे सोपस्कार बिलाच्या खिडकीवर उरकत नाहीत, म्हणून दालनाशी करार करताना गाडीमागे दलाली न देता जागेचे ठराविक भाडेच ठरवा. टाकी रिकामी ठेवा, बॅटरीची तार सोडवून ठेवा आणि माणूस नेमा; मी अशी मांडलेल्या पहिल्या गाडीच्या आरशांना लोकांनी भाजीच्या पिशव्या अडकवल्या होत्या.